चित्रेचे स्थान

आकाशातील एका ताऱ्याच्या जागेवरून विद्वानांत दोन पक्ष पडावेत, त्यासाठी संमेलने भरावीत, आणि अखेर त्या वादाचा परिणाम म्हणून एकाच गावातील दोन घरांत तिळगूळ निरनिराळ्या दिवशी वाटला जावा, ही गोष्ट परक्या मनुष्यास कदाचित विनोदाची वाटेल. महाराष्ट्रात मात्र ती घडलेली आहे, आणि तिचा अवशेष अद्यापि शिल्लक आहे. त्या वादाचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि त्या निमित्ताने ‘ताऱ्याचे स्थान’ ह्या शब्दांचा अर्थ कसकसा पालटत गेला हे वाचकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाचे बालपण नागपूरच्या पूर्वेस, भंडाऱ्याच्या रस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या मौदा गावी गेले. भोवताली धानाची शेते, आणि घरात खुंटीला टांगलेले पंचांग. आमच्याकडे मकरसंक्रांत १४ जानेवारीस होई. परंतु आमच्या आत्याचे सासर रत्नागिरीकडचे. तेथून येणाऱ्या पत्रातील तिळगूळ १० तारखेलाच वाटला गेलेला असे. सूर्य एक, मकर रास एक, मग संक्रांती दोन कशा, असे मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, “बाळ, तंटा आकाशात नाही. मोजायला सुरुवात कोठून करावयाची, ह्याचा तो तंटा आहे.” त्या उत्तराचे पूर्ण मर्म कळण्यास मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

आकाश हे वर्तुळ आहे, आणि वर्तुळास स्वतःचा असा आरंभ नसतो. तो मनुष्याने ठरवावा लागतो. सूर्याच्या मार्गाचे ३६० अंश मोजावयाचे, तर शून्य अंशाची खूण कोठे रोवावी? एक मार्ग असा की, वसंत ऋतूत दिवस व रात्र समान होतात त्या क्षणी सूर्य जेथे असेल तेथे खूण करावी. ह्यास सायन पद्धती म्हणतात. दुसरा मार्ग असा की, एखाद्या ताऱ्यास धरून खूण करावी. ही निरयन पद्धती होय. दोन्ही खुणा कायम एकत्र राहिल्या असत्या तर काहीच बिघडले नसते. परंतु त्या एकत्र राहत नाहीत.

हे प्रथम ज्याच्या ध्यानात आले त्या ग्रीक ज्योतिषी हिपार्कसने त्यासाठी साधन म्हणून जो तारा योजिला, तो आपलीच चित्रा होय. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याने चित्रेचे शरत्संपातापासूनचे अंतर मोजले, तेव्हा ते सुमारे सहा अंश भरले. त्याच्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे टिमोकॅरिसने तेच अंतर आठ अंश नोंदविले होते. ह्यावरून संपातबिंदू हळूहळू मागे सरकतात असे त्याने अनुमान केले. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डोलतो, म्हणून हे घडते, हे कारण पुढे न्यूटनने दिले. ह्या गतीने ७२ वर्षांत एक अंश, आणि सुमारे २५,८०० वर्षांत एक पूर्ण फेरा होतो. आपल्या ज्योतिष्यांनाही ही गती ठाऊक होती. ते तिला अयनगती म्हणत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२, म्हणजे सन १५२०, हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचिला. त्यात शके ४४४ पासून वर्षास एक कला ह्या मानाने अयनांश घ्यावेत असा सोपा नियम आहे. ज्या-कोज्यांच्या कटकटीवाचून ग्रह काढून देणारा हा ग्रंथ महाराष्ट्रातील जोशी लोकांनी तीन शतकांहून अधिक काळ डोळे मिटून वापरला. आणि डोळे मिटल्यामुळेच त्यातील अंक व प्रत्यक्ष आकाश ह्यांतील अंतर वाढत गेले.

एकोणिसाव्या शतकात आमच्या लोकांनी हे डोळे उघडले, ही त्या काळाच्या मोठ्या गोष्टींपैकी एक आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि पुढे पटवर्धनी पंचांग निघू लागले. त्यानंतर विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षित हे शाळाखात्यातील शिक्षक. त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहून सामान्य कुटुंबांना रात्रीचे आकाश ओळखीचे करून दिले, आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून विद्वानांनाही ऋणी केले.

परंतु बहुजनांचा कल निरयन गणनेकडेच राहिला. मग प्रश्न आला की, कोणत्या ताऱ्यास धरून खूण करावयाची? येथे मोठी मौज आहे. सूर्यसिद्धांतात रेवतीचा भोग ३५९ अंश ५० कला आणि चित्रेचा बरोबर १८० अंश सांगितला आहे. म्हणजे दोन्ही तारे जवळजवळ समोरासमोर हवेत. प्रत्यक्षात रेवतीचा तारा म्हणून जो मंद तारा ओळखला जातो त्यापासून चित्रेचे अंतर १८० नसून सुमारे १८४ अंश आहे. ग्रंथातील दोन्ही वचने एकाच वेळी पाळणे आकाशास मान्य नाही. रेवतीवर खूण रोविली तर चित्रा चार अंश पुढे जाते. चित्रा १८० वर धरिली तर रेवती चार अंश मागे राहते. छत्रे व त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक रैवत पक्षाचे. ब्रह्मगुप्ताने चित्रेस १८३ अंश दिले असल्यामुळे त्यांच्या बाजूसही ग्रंथाधार होता. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर हे ‘ज्योतिर्गणित’कार चैत्र पक्षाचे अध्वर्यू, त्यांचे म्हणणे असे की, डोळ्यांना कष्टाने दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा ठळक, असंदिग्ध असा चित्रेचाच तारा प्रमाण मानावा. मुंबईस १९०४ मध्ये आणि नंतर पुण्यास व सांगलीस ज्योतिषसंमेलने झाली. परंतु एकमत काही झाले नाही. सूर्य दिवसास सुमारे एक अंश चालतो. चार अंशांचा भेद म्हणजे चार दिवस. १० जानेवारीची संक्रांत आणि १४ जानेवारीची संक्रांत ह्यांचा उगम तो हा. ज्या वर्षी अधिक मास ठरविण्यात ह्या चार दिवसांचा अडथळा येतो, त्या वर्षी तर दोन पंचांगांचे गणपती एका महिन्याच्या अंतराने बसतात.

हा वाद केवळ पंडितांच्या करमणुकीचा होता असे म्हणता येत नाही. मौद्याचा शेतकरी मृग लागला म्हणजे धानाच्या तयारीस लागतो. आणि मृग म्हणजे सूर्याचा निरयन मृगशीर्षात प्रवेश, हल्ली जूनच्या ७-८ तारखेस होणारा. परंतु पाऊस संपाताशी, म्हणजे ऋतुचक्राशी बांधलेला आहे. त्याला मृगशीर्षाच्या ताऱ्यांची माहिती नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला, तेव्हा हाच मृग ऋतूच्या मानाने सुमारे बारा दिवस आधी लागत असे. आणखी दोन हजार वर्षांनी तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल, आणि पंचांग पाहून पेरणी करणारा त्या वेळी फसेल. तारा धरावा तर ऋतू सुटतो, आणि ऋतू धरावा तर तारा सुटतो. ह्या वादातील खरी अडचण ही होती.

असो. पक्ष-प्रतिपक्ष हातघाईवर आले असता त्याच काळात तारा ह्या वस्तूचीच कल्पना मुळापासून बदलत होती, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात आली. वरील सर्व वादात ‘स्थान’ म्हणजे केवळ दिशा. तारा किती दूर आहे, हा प्रश्न कोणत्याही पंचांगात उद्भवत नाही. सर्व नक्षत्रे जणू एकाच निळ्या छताला जडविलेली आहेत असे मानून गणित चालते. ह्या छतास पहिला तडा १७१८ मध्ये गेला. इंग्लंडच्या हॅलीने दाखविले की, स्वाती, व्याध व रोहिणी हे तारे प्राचीनांनी नोंदविलेल्या जागी राहिलेले नाहीत. चित्रेची शेजारीण जी स्वाती, ती हिपार्कसपासून हॅलीपर्यंत एक अंशाहून अधिक, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुपटीहून जास्त सरकली होती. ज्यांना धरून आपण खूण रोवू पाहतो, ते खुंटच सावकाश चालत आहेत!

दुसरा तडा १८३८ मध्ये गेला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले असता जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित हललेले दिसावयास हवेत. चालत्या आगगाडीतून पाहताना रुळाजवळची बाभळ दूरच्या टेकडीपुढून सरकते, तसेच हे. ह्यास लंबन म्हणतात. बेसेलने हंस राशीतील एका मंद ताऱ्याचे लंबन मोजले. ते एक विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे कमी भरले. त्यावरून तो तारा सुमारे अकरा प्रकाशवर्षे दूर ठरला. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो; वर्षभरात तो जेवढे अंतर तोडतो, ते साडेनऊ लाख कोटी किलोमीटर म्हणजे एक प्रकाशवर्ष. सूर्याचा प्रकाश आपणास आठ मिनिटे वीस सेकंदांत पोहोचतो. चित्रेचे लंबन इतके सूक्ष्म आहे की, अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे सुमारे चारशे किलोमीटरांवरून पाहावे तसे. ते नीट मोजण्यास १९८९ मध्ये युरोपीय राष्ट्रांनी सोडलेला कृत्रिम उपग्रह कामी आला, आणि त्याचे नाव त्या जुन्या हिपार्कसची आठवण देणारे आहे. ज्या ताऱ्याची दिशा त्या ग्रीकाने पाहिली, त्याचे अंतर त्याच्या नावाच्या यंत्राने सांगितले: सुमारे अडीचशे प्रकाशवर्षे. आज चित्रेचा जो किरण आपल्या डोळ्यांत शिरतो तो तेथून निघाला तेव्हा नागपुरास भोसल्यांचे राज्य होते आणि पुण्यास पेशवे नांदत होते.

अंतर कळले, तरी तारा कशाचा बनलेला आहे हे कसे कळावे? ह्याचे उत्तर प्रकाशाच्या पृथक्करणाने दिले. त्रिकोणी काचेतून प्रकाश नेला म्हणजे त्याचा जो रंगपट पडतो, त्यातील काळ्या रेघा निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या खुणा आहेत, असे १८५९-६० च्या सुमारास किरचॉफ व बुन्सेन यांनी सिद्ध केले. ह्या विद्येचा आपल्या देशाशी निकट संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच ज्योतिषी जान्सेनने गुंटूर येथून सूर्याच्या ज्वाळांचा रंगपट पाहिला, आणि हेलियमच्या शोधाची कथा तेथून सुरू होते. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हा शोध तेथेच लॉकियरने लाविला असे सांगण्याचा प्रघात आहे. परंतु १८६८ मध्ये लॉकियर विलायतेत होता. तो विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी.

ते १८९८ चे ग्रहण आपल्या प्रांतांतूनच गेले. छायेचा पट्टा विजयदुर्गावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वर्धा जिल्ह्यातील पुलगाव असा ईशान्येकडे सरकला, आणि प्रत्येक ठिकाणी दुर्बिणी उभ्या होत्या. जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळी उतरली होती, आणि तेथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपली यंत्रे घेऊन गेले होते. पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनी उभारली होती, आणि तिच्यातील वीस इंची दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले, तेव्हा ती वेधशाळाही बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकनालला गेली. चित्रा की रेवती ह्यावर संमेलने भरविणाऱ्या पुण्यास ही दुर्बीण जाताना फारसे दुःख झाल्याचे दिसत नाही. पंचांगाचा अंश जितक्या आस्थेने आपण चर्चिला, तितक्या आस्थेने तारा पाहिला नाही, हा ह्या इतिहासातील उणेपणा कबूल केला पाहिजे.

रंगपटातील रेघांची पूर्ण भाषा उलगडली ती मेघनाद साहा यांनी, १९२० मध्ये. उष्णतेने अणूंचे विद्युत्कण कसे सुटतात ह्याचे त्यांचे समीकरण हाती आल्यावर ताऱ्याच्या रेघांवरून त्याचे तपमान काढता येऊ लागले. १९२५ मध्ये सिसिलिया पेन ह्या विदुषीने त्याच आधारे दाखविले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. त्या हायड्रोजनचे हेलियम होताना जे तेज निघते त्यावर तारे जगतात, हे पुढे १९३९ पर्यंत स्पष्ट झाले. आता चित्रेचे चरित्र सांगता येते. ती एक नसून दोन तारे आहेत, आणि ते एकमेकांभोवती अवघ्या चार दिवसांत फिरतात. त्यांतील मोठा सूर्याच्या सुमारे अकरा पट वस्तुमानाचा, हजारो पट तेजस्वी, आणि पृष्ठभागी सूर्याहून चौपट तप्त. असा उधळ्या तारा अल्पायुषी असतो. सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे. चित्रेचे एक-सव्वा कोटी. मौद्याला हल्ली २,३२० मेगावॅटचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तशा भट्ट्यांतून जळणारा गोंडवनी खडकांतील कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. तो ज्या अरण्यांचा झाला ती वाढत होती, तेव्हा चित्रेचा तारा जन्मलाही नव्हता.

मग एकंदर विश्वात तिचे स्थान कोठे? १९१८ मध्ये शॅप्लीने दाखविले की, आकाशगंगेच्या केंद्रस्थानी सूर्य नाही. हल्लीच्या मापाप्रमाणे ते केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे, आणि आकाशगंगेचा विस्तार एक लाख प्रकाशवर्षांचा. ह्या नगरात चित्रा म्हणजे आपल्याच आळीतील शेजारीण. ते केंद्र निरयन गणनेने मूळ नक्षत्रात पडते. ‘मूळ’ हे नाव पूर्वजांनी जाणूनच दिले, असे म्हणण्याचा मोह कित्येकांना होतो. तो आवरावा. योगायोगास ज्ञान म्हटले, तर ज्या ज्ञानासाठी गणेश दैवज्ञ, छत्रे, केतकर झिजले त्याचा मान कमी होतो. पुढे हबलने १९२४-२५ मध्ये देवयानीतील धूसर ठिपका आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी दीर्घिका आहे हे सिद्ध केले, आणि विश्वाच्या भिंती कोसळल्या. चित्रा ज्या कन्या राशीत आहे, त्याच दिशेस सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर हजारांवर दीर्घिकांचा एक समूह आहे. आणि रेवती ज्या मीन राशीत आहे, त्याच दिशेस सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक महासमूह २०१७ मध्ये सापडला; तो शोधिला पुण्याच्या शास्त्रज्ञांनी, आणि त्याला नाव दिले ‘सरस्वती’. ज्या दोन दिशांवरून आमचे वडीलधारे भांडले, त्या दोन्ही दिशांस त्यांच्या कल्पनेबाहेरचे प्रदेश पसरले होते.

वादाचा निकालही सांगितला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, भारत सरकारने पंचांगसुधारणा समिती नेमली. तिचे अध्यक्ष तेच मेघनाद साहा. सभासदांत पुण्याचे ज. स. करंदीकर आणि आमच्या नागपूरचे डॉ. केशव लक्ष्मण दफ्तरी होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला: व्यवहाराचे वर्ष ऋतूंना धरून सायन असावे, आणि धार्मिक नक्षत्रांसाठी चित्रेला अनुसरून अयनांश घ्यावेत. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती पाहण्यास साहा राहिले नव्हते, १९५६ मध्येच ते वारले होते. लेले-दीक्षितांचे ऋतू आणि केतकरांची चित्रा, दोहोंचा मान त्यात राखला गेला. तथापि संक्रांती अद्यापि दोन आहेत, आणि तिळगूळ दोन्ही दिवशी गोडच लागतो.

मला मात्र निराळीच काळजी वाटते. गेल्या चैत्रात मौद्यास गेलो असता पुतणीला चित्रा दाखवावी म्हणून कन्हानच्या काठी नेले. सप्तर्षींच्या शेपटाची कमान तशीच पुढे नेली म्हणजे स्वाती लागते, आणि आणखी पुढे चित्रा. ही खूण वडिलांनी मला तेथेच शिकविली होती. महामार्गाचे आणि कारखान्यांचे दिवे इतके झाले आहेत की सप्तर्षींतील मधला मंद तारा मोठ्या प्रयासाने दिसला. चित्रा दिसली. रेवतीचा तारा त्या वेळी क्षितिजाखाली असतो. परंतु ऋतू आला तरी त्या काठावरून तो आता दिसावयाचा नाही. ज्या ताऱ्यासाठी लोकमान्यांसारखा पुरुष झगडला, तो हरविला आहे, आणि कोणत्याही संमेलनात तसा ठराव झालेला नाही.

आशेस थोडी जागा आहे. आमच्याच जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले गडद आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. दिवे झाकून तेथे रात्र राखिली जाते. पेंच नदी कामठीच्या वर कन्हानला मिळते, आणि तेच पाणी मौद्यावरून जाते. पुतणीने विचारले, “काका, ती चित्रा आता तिथंच असेल का?” मी म्हटले, “अडीचशे वर्षांपूर्वी होती. आजचे वर्तमान कळावयास आणखी अडीचशे वर्षे लागतील.” ती बराच वेळ पाहत राहिली. पुढच्या सुटीत तिला पेंचला न्यावयाचे ठरविले आहे. रेवती तिला तेथे दाखविता येईल.